ओढ्याकाठचं आठ नंबर

"कागद घेऊन आलेल्या माणसाला घरात घेऊ नका. फाटकावर बोला, उभ्याउभ्या बोला. आणि नेवरुझला तर तोंडच उघडू देऊ नका."

शाको हे बोलला तेव्हा रुदिना बाळाचे लंगोट वाळत घालत होती. दातांत दोन चिमटे धरलेले, त्यामुळं तिला धड हसताही आलं नाही. शाको शेजारचा म्हातारा. सहकारी शेतीच्या जमान्यात वीस वर्षं पाटकरी होता. कुणाच्या वाफ्याला किती वेळ पाणी, ते त्याच्या फावड्यावर ठरायचं. जगातली सगळी भांडणं पाण्यावरून लागतात आणि फाटकावर मिटतात, असं त्याचं पक्कं मत.

"शाकोकाका, तसे दिवस आता राहिले नाहीत," चिमटे काढून ती म्हणाली. "घरांना परवाना आहे."

"तू बघितलास?"

"गेझिमकडं आहे."

"म्हणजे गेझिमनं बघितलाय." शाकोनं काठीनं ओल्या मातीवर रेघ ओढली आणि पायानं पुसून टाकली. "कॉलेजात काय शिकलीस गं तू?"

"भूगोल."

"हां. मग हा ओढा कुठनं कुठं जातो ते तुला ठाऊक असणार," म्हणत म्हातारा निघून गेला. रुदिनानं उरलेले लंगोट दोरीवर टाकले. मार्च महिना, वारा बरा होता. बारापर्यंत सगळं वाळलं.

विधास गावाच्या खालच्या अंगाला तो ओढा. उन्हाळ्यात तीन दगडांवर पाय देऊन ओलांडावा एवढाच. रुदिनाचा सासरा नेवरुझ, त्याची कुरणाची पट्टी आणि जुनं घर त्याच्या काठाला होतं. दोन वर्षांपूर्वी शहरातून गेझिम आला. दोन मिक्सर, एक पोकलेन आणि सतत वाजणारा फोन घेऊन आला. कॉफी झाली, राकीची दारू झाली आणि हातावर हात पडला. जमीन नेवरुझची, बांधकाम गेझिमचं; एकाला एक लागून घरांची रांग उठवायची, त्यातलं एक घर नेवरुझचं. लिहून काही घेतलं नाही. नेवरुझच्या पिढीत हातावर हात पडल्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याला शिवी घालणं. जुनं घर येण्याजाण्याच्या रस्त्याच्या आड येत होतं. ते पहिल्याच आठवड्यात पाडलं आणि सगळी शाकोच्या शेजारी भाड्याच्या दोन खोल्यांत गेली.

परवाना सहा घरांचा होता. गेझिमनं नऊ बांधली. शेवटच्या तिन्हींसाठी ओढ्यात भराव टाकला, ओढा निम्म्यावर आला. त्या तिन्हींतलं मधलं, आठ नंबरचं, नेवरुझला मिळालं.

"मधलं का पण?" साइमिरनं, रुदिनाच्या नवऱ्यानं, विचारलं होतं. तो गिलाव्याचं काम करायचा, तेही गेझिमकडंच.

"मधलं ऊबदार असतं," गेझिम म्हणाला. "दोन्ही अंगांनी भिंती."

मे महिन्यात आठ नंबरची स्लॅब घातली. नातेवाईक भल्या सकाळी हजर झाले, वीस-पंचवीस माणसं. मिक्सर गेझिमचा होता, पण बादल्या हातोहात वर गेल्या त्या भाऊबंदांच्या. मेंढा कापला. रुदिनाची सासू सानिये हिनं ब्लेताचा कापडी ससा दृष्ट लागू नये म्हणून उघड्या सळीला टांगला. चौदा महिन्यांची ब्लेता खालून त्याच्याकडं बघून हात वर करत राहिली आणि रडून रडून झोपली. नेवरुझ येईल त्याला मिठी मारत होता. "घर बांधतोय," म्हणत होता. त्याचा बाप डोंगरातून एका खेचरासह उतरलेला. सरकारनं दिलेल्या तबेल्याच्या खोलीत त्यानं पोरं वाढवली. जुनं घर म्हणजे तोच तबेला, पुढं चार खोल्या वाढवलेला. सत्तरीला आलेल्या नेवरुझनं आयुष्यात पायापासून उठवलेलं हे पहिलंच घर.

स्लॅब झाल्यावर गेझिमची माणसं सात आणि नऊच्या खांबांकडं गेली. भिंती घरच्यांनी घातल्या. जून-जुलै नेवरुझ ओळंबा लावून ठोकळे रचत राहिला, साइमिर कामावरून आला की गिलावा करायचा, रुदिना घमेली भरायची, सानिये नातीला कडेवर घेऊन वाळू चाळायची. सिमेंटनं नेवरुझची बोटं चिरली. तो रात्री त्यांना लोणी चोळायचा, सकाळी परत चिरायची. बोटांची पेरं सुजून अक्रोडाएवढी झाली, चमचा मुठीत धरून खाऊ लागला.

"हातमोजे घाला ना बाबा," रुदिना म्हणायची.

"हातमोजे घालून बायकोचा हात धरला होता काय मी?" तो म्हणायचा.

"धरलाच कुठं होता?" सानिये म्हणायची. "माझ्या बापानं दिला हातात."

ऑगस्टच्या शेवटी ती सगळी राहायला गेली. खिडक्या होत्या, दारं होती; बाहेरून गिलावा नव्हता, नळाला पाणी नव्हतं. पाणी ओढ्यापलीकडच्या झऱ्यावरून आणायचं, दिवसाच्या आठ खेपा. रुदिनाच्या उजव्या तळव्यात बादलीच्या कडीचा वळ उठला तो तसाच राहिला.

सप्टेंबरात तीन दिवस पाऊस लागला. अरुंद झालेल्या ओढ्याला जागा पुरेना, पाणी खालच्या अंगाच्या काचघरांत शिरलं आणि मिरच्या, टोमॅटो कुजले. त्या लोकांनी तक्रार केली. आठ नंबरच्या पायऱ्यांनाही पाणी लागलं होतं, पण वर आलं नाही. "बघितलंस?" नेवरुझ म्हणाला. "पक्कं आहे."

ऑक्टोबरात निळी गाडी आली.

गाडीतून एक बाई उतरली, पस्तिशीची, पायांत रबरी बूट, काखेत फाइल. बांधकाम तपासणीच्या कचेरीतली इंजिनेर, नाव दोनिका. बरोबर टेप धरलेले दोन पुरुष. त्यांनी ओढ्याच्या काठापासून भिंतीपर्यंत टेप ताणला, आकडा लिहिला, परत ताणला. रुदिना खिडकीतून बघत होती. ब्लेता आतल्या खोलीत झोपली होती, दूध पाजायची वेळ होत आली होती.

नेवरुझ फाटकाशी गेला. "असं बाहेर उभं करून मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही काय? या, या."

"आजोबा, आम्ही कामावर आहोत," दोनिका म्हणाली.

"काम काय पळून जातंय? कॉफी तर घ्याल. लेकीसारखी आहेस. चिखलात उभं राहून थंडी बाधेल."

ती तिघं आत आली. बूट काढू लागली तर नेवरुझनं काढू दिले नाहीत. उघड्या ठोकळ्यांच्या भिंती, एक सतरंजी, आणि प्लॅस्टिक न काढलेला सोफा. रुदिनानं लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी केली, प्रत्येकाला पाण्याचा पेला, एकेक चमचा अंजिराचा मुरंबा. आधी पाहुणी, मग दोघं पुरुष, शेवटी सासरा. मग ती तबक छातीशी धरून दाराशी उभी राहिली. पाहुण्यांचे कप रिकामे होईपर्यंत सुनेनं तिथंच उभं राहायचं आणि बोलायचं नाही. कॉलेजात असताना मैत्रिणींसमोर ती या उभं राहण्याची नक्कल करायची. लग्नाला चार वर्षं झाली आणि आता पाय आपोआप जागेवर जात.

आतून ब्लेताचा रडण्याचा आवाज आला.

"बाळ रडतंय," दोनिका म्हणाली.

"रडू दे. छाती भरते," नेवरुझ म्हणाला. "तुला किती पोरं?"

"एक मुलगी. चार वर्षांची. पंधरा दिवस झाले, खोकला हटत नाही."

"डोंगरी चहा दे उकळून, त्यात मध. डॉक्टरची बाटली ओतून टाक. सानिये, हिला चहाची जुडी बांधून दे गं."

सानिये ब्लेताला घेऊन अंगणात गेली होती, तिला ऐकू गेलं नाही. रडणं तेवढं दुरून येत राहिलं. रुदिनाची छाती ताठरली, आणि मग दूध सुटलं. आधी डावीकडं, मग उजवीकडं. ब्लाउज ओला होतोय हे तिला कळलं. तिनं तबक आणखी घट्ट धरलं.

दोनिकानं कप खाली ठेवला आणि फाइल उघडली. "आजोबा, आता नीट ऐका. परवान्यात सहा घरं आहेत. ही तीन नाहीत. ही ओढ्याच्या पात्रात आहेत. पंचनाम्यात मला लिहावं लागतं, कुणी बांधली. ही तीन गेझिमनं बांधली ना?"

रुदिनाला वाटलं, या बाईनं उत्तर ताटात वाढून दिलंय. नुसता 'हो' म्हणायचा.

नेवरुझनं टेपवाल्या दोघांकडं बघितलं. भिंतीकडं बघितलं. "बाई, तू माझ्या घरात बसलीयस. माझं घर दुसऱ्यानं बांधलं असं कोण म्हणतं?"

"तसं नाही, पण खांब, स्लॅब..."

"मी बांधलं. ह्या हातांनी." त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोटं सरळ होत नव्हती.

"आणि सात? नऊ?"

"जमीन कुणाची? माझी. मग तिच्यावरचं कुणाचं?"

एक टेपवाला खिडकीबाहेर बघू लागला. दोनिकानं मान वर करून रुदिनाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. बाबा, थांबा. दोनच शब्द होते. पण बोलायचं तर पुढं यायला हवं होतं, तबक बाजूला करायला हवं होतं, आणि परक्या दोन पुरुषांसमोर छातीवर दोन ओले डाग घेऊन उभं राहायला हवं होतं. रुदिनानं तबकाकडं बघितलं. तबकावर लाल फुलं होती, एका फुलाचा रंग उडाला होता.

"परत विचारते," दोनिका म्हणाली.

"परत तेच सांगतो," नेवरुझ म्हणाला आणि चष्मा मागवला. दोनिकानं जिथं बोट दाखवलं तिथं त्यानं सही केली, तीन ठिकाणी. मग पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला, आणि चहाची जुडी स्वतः शोधून गाडीच्या खिडकीतून आत दिली.

आठवड्यानं दोघंजण आले आणि सात, आठ, नऊच्या भिंतींवर लाल रंगानं फुल्या मारून गेले. रंग आतल्या खोलीपर्यंत वास मारत होता. पाठोपाठ आदेश आला: ओढ्याच्या पात्रातलं बेकायदा बांधकाम, बांधणारा नेवरुझ, पाडण्यात येईल, हरकत असल्यास तीस दिवसांत. बाकीच्या सहा घरांचा त्यात उल्लेखच नव्हता.

रुदिनानं आदेश वाचला, घडी घातली आणि भांडी घासायला बसली. रात्री साइमिरला दाखवला. तो दोनदा वाचून म्हणाला, "गेझिमकडं जाऊ."

गेझिम वरच्या रस्त्यावरच्या हॉटेलात द्राक्षवेलीखाली बसलेला असायचा. त्यानं त्यांना बसायला सांगितलं नाही.

"काय साइमिर, आज सुट्टी?"

"हा कागद आलाय."

"वाचलाय मी. वाईट झालं." त्यानं फोन उलटा करून ठेवला. "सातातही, नवातही माझाच माल गेलाय. मी काही बोललो का?"

"घरं तुम्ही बांधलीत," रुदिना म्हणाली. "तेवढं कचेरीत येऊन सांगा."

"मी?" गेझिमनं शेजारच्या टेबलावरच्यांकडं बघितलं. ते ऐकत होते. "तुझ्या सासऱ्यानं, त्या पांढऱ्या केसाच्या माणसानं, स्वतःच्या घरात, पाहुण्यांसमोर सांगितलं, 'मी बांधलं.' आता मी जाऊन त्यांना खोटं पाडू? तुम्ही शिकलेल्या बायका काय वाटेल ते कराल. माझी नाही हिंमत."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. साइमिरचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाच नंबरच्या गिलाव्याला गेला, कारण गावात दुसरं काम नव्हतं. रुदिनानं त्याला डबा दिला.

मग ती ब्लेताला घेऊन बसनं शहरात गेली. कचेरीत खिडकीपुढं रांग होती. तिचा नंबर आल्यावर कारकुनानं आदेश बघितला. "हरकत घेता येते," तो म्हणाला. "पण पंचनाम्यात स्वतः सांगितलंय त्यांनी. त्यांनीच लिहून द्यायचं, की मी बोललो ते खरं नव्हतं, बांधकाम अमक्यानं केलं. आणि इथं हजर राहून सही. मग चौकशी लागेल, तोवर पाडकाम थांबेल."

"दुसरं काही चालणार नाही?"

"बाई, मागं रांग आहे."

ब्लेतानं खिडकीच्या कठड्यावरचं दोरी बांधलेलं पेन तोंडात घातलं होतं. रुदिनानं ते काढून पुसून ठेवलं.

जबाब तिनं घरी येऊन लिहिला. चार ओळी. 'पंचनाम्याच्या वेळी मी सांगितले ते खरे नाही.' हे वाक्य तिनं तीन प्रकारे लिहून बघितलं. कोणत्याही प्रकारे ते तसंच राहिलं.

नेवरुझनं कागद हातात घेतला नाही. "वाच."

तिनं वाचला.

"म्हणजे मी पाहुणीशी खोटं बोललो."

"बाबा, खोटं नाही. तुम्ही भिंती बांधल्यात. फक्त खांब..."

"ह्यात तसं लिहिलंय?"

"नाही. ह्यात एवढंच चालतं."

तो उठून झऱ्यावर गेला. बादल्या त्यानं कधी आणल्या नव्हत्या. त्या दिवशी चार खेपा केल्या. सानिये चुलीपाशी बसून कांद्याच्या पातीसारखी लीक भरून भाजायच्या ब्युरेकची पोळी लाटत होती. "त्रेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "चुकलो हा शब्द ह्याच्या तोंडून मी ऐकला नाही. जेवणात मीठ जास्त पडलं तर म्हणतो, मिठाचं चुकलं." तिनं लाटणं थांबवलं. "घर पडलं तर ही पोर कुठं झोपेल, तेवढं विचार त्याला. माझं नाव सांगू नको."

रुदिनानं विचारलं नाही. ती रोज ब्लेताला त्याच्या मांडीवर ठेवून पाण्याला जायची. शाको एकदा येऊन त्याच्याजवळ बसला, अर्धा तास. निघताना शाको म्हणाला, "मी चोरून पाणी सोडलं होतं एकदा. तुझ्या वाफ्याला. सगळ्यांपुढं कबूल केलं मी तेव्हा. मेलो नाही."

"तू पाटकरी होतास," नेवरुझ म्हणाला. "तुझं घर नव्हतं पणाला."

"म्हणूनच सांगतोय, गाढवा."

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी नेवरुझनं दाढी केली. लग्नाकार्यातला कोट घातला, टोपी झटकली. "कागद घे," म्हणाला. रुदिनानं घेतला. ब्लेताला सानियेकडं ठेवलं. बसमध्ये तो खिडकीशी बसला, ती शेजारी. सगळ्या वाटेत तो ओठ हलवत होता. एकदा तिला ऐकू आलं: "ते खरं नव्हतं." मग परत: "ते खरं नव्हतं, बाई." पाठ करत होता.

कचेरीत कारकुनानं कागद घेऊन बघितला, ठीक आहे म्हणाला, शिक्का काढला. "सही इंजिनेरबाईंसमोर करायची. बोलावतो."

दोनिका आतून आली. हातात डबा होता, बहुतेक जेवायला बसत होती. नेवरुझला बघताच तिचा चेहरा उजळला. "आजोबा! तुम्ही! बसा, बसा. अहो, खुर्ची द्या कुणीतरी. कसे आहात? तुमच्या घरची ती कॉफी, परत तशी नाही मिळाली."

नेवरुझ टोपी काढून उभा होता. रुदिनानं पेनाचं टोपण काढून पेन त्याच्यापुढं धरलं. त्याचे ओठ हलले.

"मुलीचा खोकला..." तो म्हणाला.

"बरा झाला. तुमच्या चहानं झाला, खरंच सांगते."

"झाला ना? झाला. तेच विचारायला आलो होतो."

दोनिकानं कारकुनाच्या हातातल्या कागदाकडं बघितलं. रुदिनाकडं बघितलं. "आजोबा, आणखी काही काम होतं का? असेल तर सांगा. आत्ता सांगा."

"नाही. शहरात आलो होतो, म्हटलं विचारून जावं. मध घातला होतास ना?"

"बाबा," रुदिना म्हणाली. या वेळी ती बोलली. "बाबा, सही."

त्यानं तिच्या हातातलं पेन घेतलं, टोपण शोधून लावलं आणि तिला परत दिलं. "लेकीला सांग, विधासच्या आजोबांनी विचारलंय," तो दोनिकाला म्हणाला, आणि टोपी घालून जिन्याकडं चालू लागला. कारकुनानं कागद रुदिनाला परत दिला. दोनिका डबा हातात धरून तशीच उभी होती. रुदिनानं कागदाची घडी घातली आणि सासऱ्यामागं जिना उतरली.

बसथांब्यावर त्यानं ब्लेतासाठी तीळ लावलेलं पावाचं कडं घेतलं. गावाच्या वळणावर तो म्हणाला, "सूनबाई, दारं-खिडक्या काढून घ्यायला सांग साइमिरला. चौकट मोडू नको म्हणावं. खालून सैल करायची."

घर बांधायला जेवढी माणसं आली होती तेवढी काढायला आली नाहीत. साइमिरनं तीन दिवस सुट्टी घेतली. खिडक्या निघाल्या, दारं निघाली, विजेच्या तारा भिंतीतून ओढून गुंडाळल्या. नेवरुझ छिन्नीनं फरश्या उचकटत होता, एकेक, न मोडता. मागची माती खरवडून तो त्या सात-सातच्या थप्प्या लावत होता. सानियेनं सळीला टांगलेला ससा काढला. उन्हापावसानं तो पांढरा पडला होता. ब्लेतानं ओळखला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी पोकलेन आला. बरोबर चार पोलीस, दोनिका नव्हती, दुसराच कुणी तरुण इंजिनेर होता. पोकलेन चालवणारा वरच्या वाडीतला निघाला, सानियेच्या भाचीचा दीर. खाली उतरून त्यानं नेवरुझच्या हाताला हात लावला. "काका, माझ्याकडं दुसरं काम नाही."

"कर बाबा. नीट कर. डावीकडचा खांब आधी घे, नाहीतर स्लॅब तुझ्या अंगावर यायची."

आधी सात, मग नऊ. दोन्ही बाजू गेल्यावर आठ नंबर दातासारखं एकटं उभं राहिलं. बाहेर नसलेला गिलावा, आत साइमिरनं घोटलेली पांढरी भिंत, लाल फुली. रुदिना रस्त्याच्या पलीकडं ब्लेताला शालीत घेऊन उभी होती. पंजा छतावर बसला तेव्हा तिला वाटलं आता काहीतरी वाटेल. धूळ आली. ब्लेताला शिंक आली. रुदिनानं तिचं नाक पुसलं. दुपारच्या जेवणाआधी सगळं झालं. सहा घरांतल्या गॅलरीत दोन बायका उभ्या होत्या, एकीनं चादर झटकली आणि ती आत गेली.

पोलीस निघाले तेव्हा नेवरुझनं त्यांना राकी दिली. त्यांनी घेतली.

आता रुदिना, साइमिर, सानिये आणि ब्लेता शहरात चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहतात. नळाला पाणी आहे. साइमिरला दुसऱ्या मुकादमाकडं काम मिळालं. रुदिना सकाळी शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाते, सानिये नातीला बघते. नेवरुझ मात्र आला नाही. ओढ्याकाठी कुरणाच्या शेवटी त्याची पत्र्याची शेड आहे, हत्यारं ठेवायची. तीत त्यानं एक खाट टाकली, धुराड्याची लोखंडी शेगडी बसवली, आठ नंबरच्या फरश्या जमिनीला लावल्या. "कुणी आलं तर घरी कुणीतरी पाहिजे," म्हणाला. सानियेनं चार दिवस भांडून बघितलं, मग त्याचे लोकरीचे मोजे पाठवून दिले.

शाको रोज सकाळी त्याच्याकडं जायचा आणि रुदिनाला फोन करायचा: "आहे, शिव्या देतोय." फेब्रुवारीत शाको बर्फावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं, लेक त्याला बंदराच्या गावी घेऊन गेली. नेवरुझकडं फोन आहे, पण तो खुंटीला टांगलेला असतो, उचलत नाही. रविवारी साइमिर जातो. सोमवार ते शनिवार रुदिना स्वयंपाक करताना, वर्गात फळ्यापुढं उभी असताना, ब्लेताला न्हाऊ घालताना त्या शेडचा विचार करते. शेगडीत तो ओली लाकडं घालतो. पत्र्याला एकच झरोका आहे, थंडी येते म्हणून त्यात तो पोतं कोंबतो. अशा बंद जागेत ओल्या लाकडांचा धूर झोपेतल्या माणसाचं काय करतो हे तिनं वाचलं आहे.

म्हणून ती भेटेल त्याला सांगते, बसवाल्यांना, मिरच्या विकायला येणाऱ्यांना, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही. तुमचं जाणं त्या रस्त्यानं झालं तर विधासच्या वळणावर उतरा. ओढ्याच्या कडेनं खाली चाला. सहा पांढरी घरं संपली की मोकळी जागा लागते, तिच्यापुढं शेड. दहाच्या आत गेलात तर बरं, कारण आग ते पहाटे पेटवतात. आधी धुराडं बघा. धूर असेल आणि ते बाहेर दिसले नाहीत, तर दार वाजवा. जोरात वाजवा, डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. झरोक्यातलं पोतं बाहेर ओढा, रागावले तर रागावू द्या. आणि आतून आवाज आलाच नाही, तर वाट बघत थांबू नका, दार ढकला. कडी ते कधीच लावत नाहीत.